पेपर सगळ्यांना एकच ठेवा

इंदूरच्या सांवेर रोडवरच्या तुमच्या कारखान्याला एक स्टोअरकीपर हवा आहे आणि टेबलावर अर्जांचा हा एवढा गठ्ठा पडलाय. मेहुण्याच्या पोराला गुपचूप चिकटवून टाकायचे दिवस गेले, हल्ली लोक चारचौघांत विचारतात. तेव्हा परीक्षा घ्या. परीक्षेइतकं निर्मळ काही नाही. तुम्ही कोणाला नाही म्हटलंच नाही, त्याचे मार्क कमी पडले.

पेपर मात्र स्वतः काढा. बाहेरच्या माणसाला सांगितलंत तर तो आधी गोदामात जाऊन बघेल की तिथे काम काय चालतं, आणि मग आवक-जावक, चलन आणि प्रत्यक्ष मालाचा मेळ, असलं काहीतरी विचारेल. झालं! सियागंजात चार वर्षं पोती मोजलेला एखादा पोरगा पहिला येईल. त्यापेक्षा तुमच्या घरी जेवताना ज्या गप्पा होतात त्यांवर प्रश्न काढा. फॉलोऑन कधी देतात? विमानात बसण्याआधी हातात कोणता कागद मिळतो? मैफलीत भैरवी कधी गातात? तुमच्या मुलीला सगळी उत्तरं येतात ना? मग पेपर सोपाच आहे.

कोणी हसलं तर अमेरिकेच्या सैन्याकडे बोट दाखवा. पहिल्या महायुद्धात, 1917 पासून, रॉबर्ट यर्क्स हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या मंडळींनी साडेसतरा लाखांच्या आसपास जवानांची बुद्धी मोजली. त्यात एक प्रश्न असा होता: क्रिस्को म्हणजे काय? पेटंट औषध, जंतुनाशक, टूथपेस्ट की खाण्याचा पदार्थ? क्रिस्को हा तिकडचा डालडा. काल-परवा बोटीतून उतरलेल्या इटालियन पोराने तो पाहिला नसेल तर तो त्याच्या बुद्धीचा दोष. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यावरही अन्याय नको म्हणून चित्रांची वेगळी परीक्षा होती. चित्रात काय राहून गेलंय ते ओळखायचं, आणि एका चित्रात टेनिस कोर्टावरचं जाळं राहून गेलेलं!

निकालांत असं दिसलं की अमेरिकेत जितकी वर्षं जास्त काढलेली, तितके मार्क जास्त. तुम्ही-आम्ही म्हटलं असतं, राहता राहता क्रिस्को कळला. कार्ल ब्रिगहॅम या विद्वानाने 1923 मध्ये निष्कर्ष काढला की पूर्वी चांगले लोक यायचे, हल्ली दर्जा घसरलाय. याच गृहस्थांनी पुढे 1926 ची पहिली सॅट, म्हणजे तिकडची कॉलेज-प्रवेशाची परीक्षा, घडवली. 1930 मध्ये त्यांनी आपलं म्हणणं मागे घेतलं खरं, पण तोवर बाहेरून येणाऱ्यांना अडवणारा 1924 चा कडक कायदा होऊनही गेला होता. तुम्हालाही काही मागे घ्यावंसं वाटलंच तर असंच घ्या, नेमणूकपत्रं वाटून झाल्यावर.

तारखांच्या बाबतीत मात्र जरा सांभाळा. नॉर्थ कॅरोलायनात ड्यूक पॉवर या वीज कंपनीच्या एका केंद्रात काळ्या कामगारांना फक्त अंगमेहनतीच्या खात्यात ठेवत. त्या खात्यातला सर्वांत मोठा पगार इतर खात्यांतल्या सर्वांत लहान पगाराहून कमी. नोकरीतल्या भेदभावाला बंदी घालणारा कायदा 2 जुलै 1965 ला लागू झाला, आणि कंपनीने नेमक्या त्याच दिवसापासून बऱ्या खात्यांत शिरायला दोन लेखी चाचण्या लावल्या. हा वक्तशीरपणा आपल्या इंदुरात शोधून सापडायचा नाही. पण 1971 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने एकमताने सगळ्यावर पाणी फिरवलं. हेतू काय होता ते सोडा, म्हणाले. चाचणीत एखादा गट अडकतो आणि चाचणीचा कामाशी संबंध दाखवता येत नाही, तर ती चालणार नाही. सरन्यायाधीश बर्गर यांनी निकालात चक्क कोल्हा आणि करकोच्याची गोष्ट घातली: दूध दोघांना द्यायचं तर भांडंही दोघांना पिता येईल असं हवं.

असले न्यायाधीश आपल्या वाट्याला येऊ नयेत. आपलं उत्तर पाठ करून ठेवा. ताटली दोघांना एकाच मापाची होती, दूध एकाच म्हशीचं होतं, वेळही सारखाच दिला होता. चोच लांब असेल तर आम्ही काय करणार? पुढच्या वेळी तयारी करून या.

परीक्षेच्या दिवशी सगळे बसले की हजेरी घ्या. नुसते रोल नंबर नकोत. नाव, गाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव आणि जात, खणखणीत आवाजात. यामागे शास्त्र आहे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यातल्या सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. जात कोणी उच्चारली नाही तेव्हा दलित मुलं वरच्या जातींच्या मुलांच्या जवळपास बरोबरीने सोडवत होती. हीच सगळी वंशावळ वर्गासमोर वाचून दाखवली, तेव्हा दलित मुलांचे चक्रव्यूह कमी सुटले. कागद तसेच, पेन्सिली तशाच, मुलंही तशीच. एका हजेरीत एवढं काम होत असेल तर अवघड पेपर काढायची दगदग कशाला?

हजेरीचीही दगदग नको असेल तर अर्जच नीट वाचा. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिरातींना अर्ज पाठवून बघितले होते, पात्रता सारखी आणि नावं वेगवेगळी. 2007 मध्ये निष्कर्ष छापून आले: दलित आणि मुसलमान नावांना बोलावणी कमी. आता ते अर्ज उघडणाऱ्या साहेबांना जाऊन विचारा. प्रत्येक जण सांगेल, आम्ही फक्त गुण बघतो. खोटं नाही बोलणार ते, त्यांना खरंच तसं वाटत असतं. तुम्हालाही वाटायला हवं, नाहीतर चेहऱ्यावर दिसतं.

मुलाखत मराठीतूनच घ्या, अगदी प्रेमाने. आपल्या माणसांना संधी द्यायची तर आपली भाषा नको का? रामबागेतली मुलगी पुण्याच्या मावशीसारखं बोलली तर लिहा, 'व्यक्तिमत्त्व प्रभावी'. परदेशीपुऱ्यातला पोरगा 'मी तेव्हा हिशेब करून राहिलो होतो' म्हणाला की संवादकौशल्यात 10 पैकी 3. हिशेब बरोबर करून राहिला होता की चूक, ते विचारायचं नाही. त्याने आडनाव सांगितलं की भुवई थोडी उचलून म्हणा, 'जाधव म्हणजे कोणते?' मग 'मूळचे कुठले तुम्ही?' होळकरांबरोबर आलेलं घराणं निघालं तर चहा मागवा, नाहीतर पुढचा उमेदवार मागवा. हे मार्क कागदावर कुठेच दिसत नाहीत, आणि वाद झालाच तर मुलाखतीचं रेकॉर्डिंग कोणाकडे असतं?

लेखनिक, म्हणजे त्याच्या वतीने उत्तरं लिहिणारा माणूस, मागणारा एखादा येईल. 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र दाखव म्हणा. आपल्या सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी 2021 मध्ये लोकसेवा परीक्षेच्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सांगून टाकलंय की लेखनिकासाठी ही अट घालता येणार नाही, पण निकालपत्र वाचून परीक्षा घेतो कोण?

उमेदवार फार झाले तर दोन पाळ्या करा आणि नॉर्मलायझेशन लावा, म्हणजे पाळीच्या अवघडपणाप्रमाणे सूत्राने मार्क वर-खाली करा. आपल्याच मध्य प्रदेशात वनरक्षक आणि जेल प्रहरी भरतीच्या निकालात, डिसेंबर 2024 मध्ये, एकाला 100 पैकी 101.66 गुण पडले. इंदुरात मुलं निवेदन घेऊन रस्त्यावर आली. सूत्राच्या हिशेबात असं होऊ शकतं, आणि मूळ उद्देशही भला आहे, अवघड पाळीवाल्यांचं नुकसान होऊ नये. पण सूत्र समजावून सांगायच्या भानगडीत पडू नका. ज्याला सूत्र कळतं तो उद्या पेपरबद्दलही प्रश्न विचारेल.

कोणी व्यापम या आपल्या राज्याच्या परीक्षा मंडळातल्या घोटाळ्याच्या काळातली इंजिन-बोगी सुचवेल, म्हणजे हुशार तोतया पुढे आणि त्याच्यावरून उतरवणारे मागे. मी तो सल्ला देणार नाही. त्यात माणसं पकडली जातात. 2013 मध्ये आपल्याच शहरातल्या पोलिसांनी तोतये पकडले आणि सगळं उघड्यावर आलं. मी सांगतोय त्या पद्धतीत पकडण्यासारखं काही नाहीच.

राहता राहिला तो रोजंदारीवरचा पोरगा, जो तीन वर्षं तुमचं गोदाम बघतोय आणि आता तुमच्याच पेपरात नापास झालाय. याच्याकडे नीट लक्ष द्या. ड्यूक पॉवरमध्ये चाचणीच्या आधीपासून त्या बऱ्या खात्यांत असलेले, शाळा पूर्ण न केलेले लोक व्यवस्थित काम करत होते, बढत्याही घेत होते. कोर्टात कंपनीला तेच नडलं. म्हणून या पोराच्या कामाची कुठे लेखी नोंद ठेवू नका. पण लगेच काढूही नका. फॉलोऑनचं उत्तर बरोबर लिहिलेले नवे साहेब येताहेत, त्यांना महिनाभर माल मोजायला शिकवू दे. मग पुढच्या भरतीचा फॉर्म त्याच्या हातात द्या. फी 500 रुपये, परत मिळणार नाही. ती सगळ्यांना सारखीच आहे.