वेशीवरचा वीरगळ ही मावळ्याची समाधी नव्हे

आमच्या भोरकडच्या हिरडस मावळात सध्या गावोगावच्या ग्रुपवर एक संदेश फिरतोय. घाटवाटांवर, खिंडीत, वेशीवर जे कोरीव दगड उभे आहेत त्या शिवकाळातल्या मावळ्यांच्या समाध्या आहेत, असं त्यात म्हटलंय. दगडावर जितके कप्पे, तितक्या लढाया त्या वीरानं केल्या. खाली अस्थी आहेत आणि कुठेकुठे धनही. गाढव कोरलेले दगड अशुभ, ते पुरून टाकावेत. बाकीचे ऊनपावसात झिजतात म्हणून उचलून, रंग देऊन गावच्या चौकात बसवावेत. माझ्याकडे हा संदेश पाच जणांनी पाठवला, त्यातला एक माझा सख्खा चुलतभाऊ. त्याच्या मनात दगडांबद्दल आस्थाच आहे, म्हणून तर हे सविस्तर लिहितोय. हे दगड म्हणजे बहुतेक वीरगळ, झुंजत मेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी उभारलेले.

शिवकाळाची गोष्ट आधी घेतो, कारण सगळा भावनेचा जोर तिथेच आहे. शिवाजी महाराजांसाठी लढलेल्या इथल्या बांदल देशमुखांच्या फौजेत आपला कुणी पूर्वज होता असं इथे घराघरात सांगतात, आणि ते सांगताना माझाही ऊर भरून येतो. पण आमच्या खिंडीतला दगड एकदा नीट बघा. भरदुपारी त्यावर काही दिसत नाही, काळा कातळ नुसता. दिवस कलला आणि ऊन तिरपं पडलं की सावल्या धरतात आणि कोरीव काम वर येतं. अगदी खाली गाईंची रांग आहे, एकीमागे एक, शिंगं स्पष्ट. त्यांच्यापुढे एक माणूस ढाल-तलवार घेऊन उभा आहे. डोक्याला पगडी नाही, मागे केसांचा बुचडा बांधलेला. अंगात अंगरखा नाही, कमरेला आखूड धोतर. त्याच्या पायाशी तोच माणूस आडवा पडलेला. वरच्या कप्प्यात दोन अप्सरा त्याला दोन्ही हातांना धरून नेताहेत. त्याच्या वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय. शेंड्याला कलश, दोन बाजूंना चंद्र आणि सूर्य.

ही घडण शिलाहार-यादवांच्या काळातली. यादवांचं देवगिरीचं राज्य १३१८ साली बुडालं आणि महाराज जन्मले १६३० साली. मधे तीनशे वर्षं गेली. वीरगळ उभारायची चाल पुढेही टिकली, त्यामुळे नंतरच्या काळातले दगडही सापडतात; पण आपल्या डोंगरात दिसणारे बरेचसे त्याआधीचे आहेत. शब्दसुद्धा जुना आहे. कानडीत दगडाला ‘कल्लु’ म्हणतात, वीरकल्लूचा आपल्याकडे वीरगळ झाला.

आणि मेलेला माणूस दर वेळी कुणाच्या फौजेतला शिपाई असतोच असंही नाही. गाई कोरल्या असतील तर समजावं, की कुणीतरी गावची गुरं हाकून नेत होतं आणि हा आडवा गेला. ज्या काळात गोधन हेच धन होतं त्या काळात हे मरण मोठं होतं. कर्नाटकात मंड्याजवळ आतकूरला दहाव्या शतकातला एक शिलालेख मिळाला. त्यात रानडुकराशी झुंजताना मेलेल्या काळी नावाच्या कुत्रीची आठवण ठेवली आहे. कुत्रीसाठी दगड उभा राहतो, तर आपल्या गावच्या गुराख्यासाठी का नाही? त्याला मावळा ठरवलं की त्याचं स्वतःचं मरण आपण त्याच्याकडून काढून घेतो. मला सगळ्यात जास्त हे लागतं.

कप्प्यांचा हिशेबही तसाच चुकीचा. वीरगळ खालून वर वाचायचा असतो: झुंज, मरण, स्वर्गाकडे नेणं, शिवापाशी पोचणं. एकाच माणसाची एकच गोष्ट. बोरिवलीजवळ एकसरला मोठाले वीरगळ आहेत, त्यांवर वल्ह्यांच्या रांगा असलेली गलबतं कोरलीत. तिथे खालचे कप्पे एकाच आरमारी लढाईचे टप्पे दाखवतात. चंद्र-सूर्य आहेत ते या अर्थाने, की ते आभाळात असेतो ही कीर्ती राहो. काटकोनात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर तो सतीचा दगड; तो वीरगळाशेजारी असला तरी वेगळा मोजायचा.

अस्थी आणि धनाच्या अफवेनं मात्र खरोखर नुकसान होतंय. पलीकडच्या वाडीत दोन दगड रातोरात उखडलेले मी पाहिले. खाली मुरूम निघाला आणि दगडाला मधोमध तडा गेला. देह चितेवर गेलेला असे. दगड उभा करायचा तो आठवणीसाठी, खाली काही ठेवायला नव्हे. शिवाय जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, असा कायदा १८७८ पासून आहे.

आता गाढवाचा दगड. याला गधेगळ म्हणतात. वर चंद्र-सूर्य, मधे लेख, खाली गाढव आणि बाई. राजानं जमीन किंवा गाव दान दिलं की ते मोडणाऱ्याला दिलेली ही शिवी आहे, त्याच्या आईवरून दिलेली. ती ओंगळ आहे आणि बाईच्या अब्रूवर घसरणारी आहे, यात मला काही झाकायचं नाही. कुणाला प्रत्यक्षात अशी शिक्षा दिल्याचं मात्र हे चित्र नाही, आणि दगडाला हात लावला म्हणून घर बुडत नाही. शिवी होती दान मोडणाऱ्याला, वाचणाऱ्याला नव्हे. अलिबागजवळच्या अक्षीचा गधेगळ वर्षानुवर्षं रस्त्याच्या कडेला उभा होता. त्यावरच्या लेखाचा शक ९३४, म्हणजे इ.स. १०१२ असा वाचला गेला. त्या वाचनावर मतभेद आहेत, तरी मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याचं नाव घेतलं जातं. भीतीपोटी तो कुणी पुरला असता तर? २०२४ साली मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी पेढे वाटले. ती भाषा अशाच दगडांवर लिहून ठेवलेली आहे.

राहिलं उचलून नेणं आणि रंगवणं. ऑइलपेंटनं बारीक रेषा बुजतात. लेख असेल तर तो गेलाच. माझ्या आजीच्या पिढीनं शेंदूर फासला, तेल ओतलं, त्यानंही कोरीव काम झाकलं गेलं; पण ‘वीर’ म्हणून नारळ फुटत राहिला म्हणून तो दगड कुणाच्या जोत्यात गेला नाही, हेही खरं. आणि जागा? खिंडीतला दगड खिंडीत आहे, म्हणूनच कळतं की गुरं त्या वाटेनं नेली जात होती आणि जुनी वाट तिथून उतरत होती. चौकात नेला की तो नुसता नक्षीचा दगड उरतो.

गेल्या उन्हाळ्यात रस्ता रुंद करताना गटाराची आखणी नेमकी या दगडावरून गेली होती. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, बाजूला सारू, काय होतंय. आम्ही सात-आठ जण दोन दिवस तिथे बसून राहिलो. सकाळच्या आणि संध्याकाळच्या उन्हात फोटो काढले, मोबाइलवरून जागेची नोंद घेतली, ग्रामपंचायतीत अर्ज दिला आणि त्याची प्रत पुरातत्त्व विभागाला पाठवली. शेवटी गटार दोन हात वळवलं गेलं. दगड होता तिथेच आहे. परवा चुलतभावाला घेऊन गेलो, ऊन कलायची वाट बघितली आणि त्यालाच गाई मोजायला लावल्या. पाच भरल्या. सहावी अर्धी मातीत आहे.