मेणबत्तीच्या प्रयोगात पाणी का चढते?

ताटलीतल्या पाण्यात मेणबत्ती उभी करून पेटवायची आणि तिच्यावर काचेचा पेला उपडा घालायचा. ज्योत विझते आणि पाणी पेल्यात चढते. हा प्रयोग मुलांना जरूर दाखवावा. मात्र ‘ज्योतीने ऑक्सिजन संपवला, ती रिकामी जागा पाण्याने भरली, म्हणून पाणी एक पंचमांश उंचीपर्यंत चढले’ हे त्यासोबत सर्वत्र फिरणारे स्पष्टीकरण चुकीचे आहे.

पहिले म्हणजे ऑक्सिजन संपत नाही. हवेत तो सुमारे २१ टक्के असतो आणि १६ टक्क्यांच्या आसपास उतरताच मेणबत्ती विझते. जो खर्च होतो, त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते. वाफ काचेवर जमते हे खरे, पण मेण जळताना ऑक्सिजनच्या दर ३ भागांमागे सुमारे २ भाग कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तेवढ्या वेळात तो पाण्यात फारसा विरघळत नाही.

एक पंचमांशाचा हिशेब तर एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावताच कोलमडतो. पेला तोच, ऑक्सिजन तेवढाच, तरी पाणी अधिक चढते.

खरे कारण डोळ्यांना दिसते, फक्त पेल्याच्या कडेकडे बारकाईने पाहावे लागते. पेला ठेवताना आणि ज्योत जळत असताना तापून फुगलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने कडेखालून बाहेर पडते. पाणी वेगाने चढते ते ज्योत विझल्यावर, म्हणजे ऑक्सिजनचा वापर थांबल्यानंतर! आतली हवा निवते, आकसते, तिचा दाब घटतो. बाहेरची हवा मात्र दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे १ किलो वजनाइतका भार देत असते आणि तीच पाण्याला आत ढकलते. ‘पोकळीने पाणी ओढले’ हे म्हणणेही त्यामुळे टिकत नाही.

शंका उरलीच, तर ज्योत पूर्णपणे वगळावी. मोठ्या माणसाने काचेचा पेला सोसवेल इतक्या गरम पाण्याने विसळावा, निथळवावा आणि लगेच थंड पाण्याच्या ताटलीत उपडा ठेवावा. इथे काहीच जळलेले नाही, तरीही पाणी थोडे वर सरकते. लहान मुलांसाठी मला हाच प्रकार अधिक योग्य वाटतो. मेणबत्ती वापरायचीच असेल, तर ती मोठ्यांनीच पेटवावी, मुलांचे केस बांधलेले असावेत आणि पेला निवेपर्यंत त्याला कोणी हात लावू नये. पाणी किती चढले याची खूण त्यानंतर मुलांना करू द्यावी.