खडपावरच्या गोगलगाई अडकलेल्या नसतात

सुट्टीत समुद्रावर जाणाऱ्यांसाठी फोटोसकट एक संदेश फिरतोय: ओहोटीनंतर कातळावर अडकलेले छोटे शंख उन्हात तडफडत असतात, पाण्याकडे जायला एकमेकांवर चढतात, मूठभर उचला आणि समुद्रात सोडा. त्यामागचा कळवळा खरा आहे. म्हणूनच सांगावंसं वाटतं, असं करू नका.

‘अडकलेले’ म्हणाल तर, मटारच्या दाण्याएवढ्या या गोगलगाई लिटोरिनिड कुळातल्या. लाटेचे जेमतेम शिंतोडे पोचतात तो वरचा पट्टाच त्यांचं घर. कोकणातल्या खडपांवरही कालवांच्या वर, सुक्या भेगांमध्ये त्या दिसतात. ओल आली की बाहेर येऊन दगडावरचं शेवाळ खरवडून खातात.

तडफडण्याचं तर नावच नको. त्या निश्चल असतात, आणि त्यावरच जगतात. पाय आत ओढायचा, झाकण लावायचं, शंखाची कड वाळलेल्या चिकट स्रावाने दगडाला डकवायची. अंगातलं पाणी आत राहतं, तापलेल्या दगडाला अंग टेकत नाही. याच कुळातल्या एकिनोलिटोरिना मलाक्काना या जातीचा ब्रुनेईच्या किनाऱ्यावर अभ्यास झालाय. तिथला कातळ दुपारी ५० अंश सेल्सिअसच्या वर तापतो. उष्णता वाढली की अशा प्राण्यांच्या हृदयाचे ठोके वाढत जातात. हिचे ३५ अंशांच्या आसपास वाढायचे थांबतात. शरीराचा खर्चच ती आवरते आणि कित्येक दिवस तशीच काढते. केवढासा जीव, आणि केवढी तयारी!

एकमेकांवर चढणं खरं आहे, कारण चुकीचं. वरची गोगलगाय पाण्याकडे निघालेली नसते, तापलेल्या दगडापासून लांब गेलेली असते. तिचं अंग थोडं थंड राहतं.

राहिलं पाण्यात सोडणं. ओढून काढताच चिकटवलेली कड सुटते. खाली कुर्ल्या आणि मांसाहारी शंख टपलेले असतात. वाचलीच, तर ती पुन्हा कातळ चढायला लागते.

समुद्र त्यांना लागतो, हे मात्र खरं. या जातीची मादी अंडी पाण्यातच सोडते, पिल्लं लाटांवर तरंगत वाढतात. त्यासाठी भरती त्यांच्यापर्यंत येते.

मुलांनी आधीच उचलल्या असतील, तर त्याच कातळाच्या सावलीतल्या भेगेत ठेवा आणि थोडं समुद्राचं पाणी शिंपडा. ओल मिळाली की त्या पाय बाहेर काढून स्वतःच दगड धरतात.