मकरपुऱ्याच्या ताईंच्या दोन ताऱ्यांना उत्तर

नमस्कार ताई,

आमच्या सीआरएमला, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबवरच्या सॉफ्टवेअरला, रिव्ह्यूत दोन तारे देताना तुम्ही कारणंही सविस्तर लिहिलीत, हे बरं केलंत. नुसते तारे देणाऱ्याला काय उत्तर देणार? तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘कुठूनही, कशावरही चालतं’ ही आमची जाहिरात फसवी आहे. फोनवर कॉम्प्युटरसारखा तक्ता दिसत नाही, अक्षरं उगाच मोठी आहेत. आयफोनवाल्या सेल्समनच्या भेटींच्या नोंदी सुट्टीनंतर गायब झाल्या आणि सफारी सोडून क्रोम घातला तरी फरक पडला नाही. गोडाऊनमधल्या विंडोज 7 च्या पीसीवर लॉगिनच होत नाही. एकच पार्टी, म्हणजे ग्राहक, शोधली तर एकाला सापडते, दुसऱ्याला नाही. आणि एवढं करून साधं अ‍ॅपसुद्धा नाही. तुम्ही मराठीत लिहिलंत म्हणून मीही मराठीतच लिहितो. बडोद्यातले आमचे बाकीचे ग्राहक गुजरातीत भांडतात, तेव्हा भाषा कुठे अडखळली तर चालवून घ्या.

आधी गायब नोंदींचं, कारण खरं नुकसान तिथे आहे. तुमचा माणूस वाघोडियाच्या कारखान्यात आत गेला, रेंज नव्हती, तरी त्याने भेटीची नोंद भरली. ती फोनमध्ये, ब्राउझरच्या साठ्यात राहिली. वर ‘अजून पाठवलेली नाही’ अशी पट्टी होती. रेंज आल्यावर आमचं पान उघडं असेल तर नोंद आपोआप सर्व्हरवर जाते. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये पान बंद असलं तरी जाऊ शकते, आयफोनवर ती सोय नाही. याने टॅब बंद केला आणि दिवाळीला गावी गेला. सफारीचा नियम असा आहे की ब्राउझर वापरात आहे, पण एखाद्या साइटला सात दिवस हातच लागला नाही, तर त्या साइटने फोनमध्ये साठवलेलं पुसून टाकायचं. मार्च 2020 मध्ये आयओएस 13.4 बरोबर हा नियम आला. जाहिरातवाले लोकांच्या पाळतीवर असतात, त्यांना आळा घालायला तो आहे आणि त्या कामाला तो चांगला आहे. मला त्यात खोट काढायची नाही.

मात्र होम स्क्रीनवर ठेवलेलं वेब अ‍ॅप या पुसापुशीतून सुटतं. म्हणून पहिल्या लॉगिनलाच आम्ही आयफोनवाल्यांना सांगतो, शेअरचं बटण दाबा आणि हे होम स्क्रीनवर ठेवा. तुमच्या दोन्ही आयफोनवाल्यांनी तिथे ‘नंतर’ दाबल्याचं आमच्याकडे दिसतं. त्यांना बोल लावू नका. पार्टीच्या गेटवर सिक्युरिटीशी हुज्जत घालणारा माणूस असल्या चौकटी वाचत बसत नाही. पुढच्या अपडेटपासून, न पाठवलेली नोंद शिल्लक असेल तर ‘नंतर’ हा पर्यायच दिसणार नाही. फॉलो-अपची आठवण फोनवर वाजत नाही, असंही तुम्ही ओझरतं लिहिलं आहे. त्याचंही उत्तर हेच. आयफोनवर वेबची नोटिफिकेशन आयओएस 16.4 पासून येतात, आणि तीही होम स्क्रीनवर ठेवलं तरच.

क्रोम घालून काही फरक पडला नाही, तो पडणारच नव्हता. आपल्याकडच्या आयफोनवर क्रोम घ्या, फायरफॉक्स घ्या, एज घ्या, आत इंजिन सफारीचंच असतं, वेबकिट, कारण आयफोन बनवणाऱ्यांची तशी अट आहे. पाट्या वेगवेगळ्या, स्वयंपाकघर एकच. युरोपीय संघात 2024 मध्ये आयओएस 17.4 पासून अ‍ॅपलने ही अट सैल केली. मकरपुऱ्याची औद्योगिक वसाहत (जीआयडीसी) अजून त्या संघात गेलेली नाही.

आता तक्ता. इथे मी तुमच्याशी सहमत नाही आणि बदलणारही नाही. कॉम्प्युटरवर तुम्हाला पार्टी, शहर, एन्क्वायरी, कोटेशनचा आकडा, शेवटची भेट, पुढची तारीख असे सगळे रकाने एका ओळीत दिसतात. तीच ओळ फोनच्या पडद्यावर कोंबली, तर एका रकान्यासाठी आडवं सरकवायचं, तोवर पार्टीचं नाव डावीकडे निसटलेलं, आणि तारीख भलत्याच पार्टीला लागते. म्हणून फोनवर प्रत्येक पार्टीचं वेगळं कार्ड येतं. वेब सर्वांना वापरता यावं म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यांत 320 पिक्सेल रुंदीतही मजकूर आडवा न सरकवता वाचता आला पाहिजे, असं 2018 पासून स्पष्ट लिहिलं आहे. याचा फायदा फोनवाल्यांपुरता नाही. तुमच्याच ऑफिसात हिशेब बघणारे काका स्क्रीन दुप्पट मोठी करून काम करतात, हे मी डेमोच्या वेळी पाहिलं आहे. त्यांना आणखी झूम लागला की कॉम्प्युटरवरही हीच कार्डं दिसतील.

अक्षरांचंही तसंच. भरायच्या चौकटीतलं अक्षर 16 पिक्सेलपेक्षा लहान असेल, तर आयफोन त्या चौकटीत बोट टेकताच अख्खं पान मोठं करतो आणि सेव्हचं बटण पडद्याबाहेर जातं. ‘लहान करा, जास्त मावेल’ हे मी पुष्कळांकडून ऐकतो. करणार नाही. बटणांचंही तेच. त्याच निकषांच्या 2023 च्या आवृत्तीत किमान 24 बाय 24 पिक्सेल सांगितले आहेत, आम्ही 44 ठेवले आहेत, कारण आमचे निम्मे वापरणारे एका हातात हेल्मेट धरून उभे असतात.

गरम, म्हणजे ऑर्डर जवळ आलेल्या, एन्क्वायरीला नुसता लाल ठिपका पुरेसा होता, ‘गरम’ शब्द कशाला, असं तुम्ही विचारलंत. मे महिन्याच्या उन्हात तो ठिपका कोणालाच नीट दिसत नाही. लाल आणि हिरवा वेगळे न ओळखणाऱ्याला तो सावलीतही कळत नाही. रावपुऱ्यातल्या आमच्या एका ग्राहकाकडे फोन लावणारा मुलगा पूर्ण अंध आहे. तो एनव्हीडीए वापरतो. हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं आणि पडद्यावरचं वाचून दाखवतं. नुसतं चित्र असलेल्या बटणावर त्याला फक्त ‘बटण’ एवढंच ऐकू येतं, म्हणून आमच्या प्रत्येक बटणाला नाव आहे. दिवसभराच्या कॉलमध्ये तो इतरांच्या मागे नसतो. सुप्रीम कोर्टाने 30 एप्रिल 2025 च्या निकालात डिजिटल सोयी वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तो खटला केवायसीचा होता, सीआरएमचा नव्हे, पण वारं कुठल्या दिशेचं आहे ते कळतं.

विंडोज 7 बद्दल मात्र माझं उत्तर ठाम ‘नाही’ असंच राहील. मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा सपोर्ट 14 जानेवारी 2020 ला संपवला, आणि त्यावर चालणारा क्रोम 109 पाशी, 2023 च्या सुरुवातीला थांबला. त्यानंतर सापडलेली भगदाडं त्या पीसीवर बुजलेली नाहीत. आमच्याकडे तुमच्या सगळ्या पार्टींचे नंबर आहेत, कोणाला किती डिस्काउंट दिला तेही आहे. ‘कशावरही’ म्हणजे अजून सुरक्षा दुरुस्त्या मिळणारा कुठलाही ब्राउझर, हे आमच्या जाहिरातीखालीच लिहिलेलं आहे. तो पीसी लेबलं छापायला खुशाल ठेवा. गोडाऊनच्या माणसाला साधा अँड्रॉइड फोन पुरेल, महागडा नको.

पार्टी न सापडण्याचं कारण मी आधी ‘गोऱ्हे’, ‘कऱ्हाडे’ अशा नावांत शोधत होतो. हा ऱ युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरसंकेतात, एकच अक्षर म्हणून लिहिता येतो, र खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊनही लिहिता येतो, आणि काही कीबोर्ड र, हलन्त आणि एक अदृश्य चिन्ह मिळून तेच रूप काढतात. डोळ्याला तिन्ही सारखे, कॉम्प्युटरला निराळे. शोधण्याआधी आम्ही ते एकसारखे करून घेतो, म्हणून ती शंका फिटली. तुमची यादी उघडली तेव्हा कळलं की एक सेल्समन गुजरातीत नावं भरतो, दुसरा मराठीत, आणि ऑफिस इंग्रजीत. एकाच पंपवाल्याची तीन खाती! लिपी बदलली की नाव जुळवण्याचं काम आमचं सॉफ्टवेअर करत नाही, आणि अंदाजाने जुळवून दोन वेगळे पटेल एक करण्यापेक्षा ते न केलेलंच बरं. मोबाइल नंबरने शोधा. आधी 0 असो की +91, शेवटचे दहा आकडे आम्ही पाहतो.

अ‍ॅपचा हट्ट मला कळतो, ग्राहकाला दाखवायला बरं वाटतं. पण दोन स्टोअरची दोन अ‍ॅप आणि कॉम्प्युटरचं तिसरं ठेवलं, की एका दुरुस्तीसाठी तीन ठिकाणी काम, आणि कोणीतरी नेहमी जुन्याच आवृत्तीवर. आमच्या आकाराच्या कंपनीने तो खर्च शेवटी तुमच्याच बिलात लावला असता.

पुसलेल्या नोंदी आमच्याकडे कधी पोचल्याच नाहीत, त्यामुळे मी त्या परत आणू शकत नाही. त्या तारखांना कोण कुठे होतं हे कॉल हिस्टरीवरून जमेल तेवढं भरून द्यायला आणि तिहेरी खाती एक करायला आमचा माणूस तुमच्या ऑफिसात येईल, त्याचे पैसे नाहीत. वेळ तुम्ही सांगा. आयफोनवाले दोघेही तेव्हा ऑफिसात असू द्या, आणि फोन चार्ज केलेले.