'लेखकाची पाठ कधी दुखलीच नसावी': एका प्रतिक्रियेला उत्तर

'वेदनेचा बाऊ', म्हणजे दुखण्याविषयी सतत वाईटच घोकत राहणे, दुखणे वाढवतो, असे मी जुनाट दुखण्याविषयीच्या माझ्या लेखात लिहिले होते. त्यावर म्हापशाच्या एका वाचकांनी कळवले आहे की, दुखणे मणक्यात असते, मनात नव्हे. 'वेदनेचा बाऊ' म्हणणे हा रोग्यालाच आरोपी करण्याचा प्रकार आहे. हा बाऊ मोजणाऱ्या प्रश्नावलीतील विधाने मी चुकीची मोजली. आणि 'लेखकाची पाठ कधी दुखलीच नसावी'.

मोजणीतली चूक मान्य आहे. मानसशास्त्रज्ञ मायकेल सलिव्हन आणि सहकाऱ्यांच्या 1995 सालच्या त्या प्रश्नावलीत 12 नव्हे, 13 विधाने आहेत. दुरुस्ती केली आहे, आभार.

परंतु ते शेवटचे वाक्य आपण कोणत्या अधिकाराने लिहिलेत? नऊ वर्षांपूर्वी चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर फळे-भाज्या बांधून टांगतात त्या लाकडी चौकटीला, नारळ बांधताना माझ्या कमरेत उसण भरली आणि ती सरली नाही. एका डॉक्टरांनी एमआरआयचा कागद पाहून 'जपून राहा' एवढेच सांगितले, आणि मी इतका जपलो की विहिरीवर वाकणे सोडले, फोंडा-पणजी बसमध्ये उभे राहावे लागेल या धास्तीने प्रवास सोडला, आणि रात्री छताकडे पाहत 'हे आता कधीच बरे होणार नाही' हेच घोकत राहिलो. जवळजवळ याच शब्दांतले एक विधान त्या प्रश्नावलीत आहे. ते वाचले तेव्हा, कोणीतरी माझ्या उशाशी बसून लिहून घेतले असावे, असे मला वाटले. न हलल्यामुळे पाठ आणखी आखडली, आखडल्यामुळे अधिक दुखली, आणि अधिक दुखल्यामुळे माझी भीती खरी ठरल्यासारखी झाली. हे चक्र मी पुस्तकातून उचललेले नाही, महाशय. तुम्ही मात्र लेखाचा मथळा वाचूनच उत्तर लिहायला बसलेले दिसता.

मणका की मन, हा वादच मला निरर्थक वाटतो. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 1979 साली केलेली आणि 2020 साली सुधारलेली व्याख्या वेदनेला संवेदनेचा आणि भावनेचाही अनुभव म्हणते. विचारांमुळे दुखणे खोटे ठरते, असे मी कुठेही लिहिलेले नाही.

रोग्याला आरोपी करण्याच्या मुद्द्यावर बोलण्यासारखे काही नाही. 'बाऊ' हा शब्द आपल्याला बोचला असेल, तर तो मी आधी स्वतःलाच लावला आहे.

गेल्या चतुर्थीला माटोळी मीच बांधली. पाठ दुखली, आणि पुढचे तीन दिवस दुखत राहिली. आपल्या माहितीसाठी.