आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला असे नाही

ऑइल फिल्टर घेताना आट्यांचे माप आणि रबरी रिंगचा व्यास जुळवून पाहावा, असे फिल्टर निवडण्यावरच्या एका लेखात म्हटले आहे. ते खरे असले तरी पुरेसे नाही. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन फिल्टरांत बायपास व्हॉल्व्ह (फिल्टर तुंबल्यास ऑइल न गाळता पुढे सोडणारी झडप) उघडण्याचा दाब निराळा असू शकतो, आणि तो इंजिनाला लागतो त्यापेक्षा कमी असेल तर न गाळलेले ऑइल थेट बेअरिंगपर्यंत पोहोचते, ज्याचा चालकाला पत्ताही लागत नाही.

फिल्टर आडवा बसत असेल, तर इंजिन बंद असताना ऑइल खाली उतरू न देणारी आतील रबरी झडप फार महत्त्वाची ठरते. स्वस्त फिल्टरमध्ये ती लवकर कडक होते आणि मग सकाळी गाडी सुरू करताच क्षणभर खडखड ऐकू येते. सिलिकॉनची झडप साध्या नायट्राइल रबरापेक्षा उष्णता अधिक सोसते, म्हणून मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जाणाऱ्या जळगाव-भुसावळकडच्या वाहनधारकांनी तीच मागून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

रावेर-यावलकडे शेतरस्त्याने केळी वाहणाऱ्या पिकअपना धुळीचा त्रास अधिक. ती एअर फिल्टरमधून निसटून ऑइलमध्ये उतरते, तेव्हा ऑइल आणि फिल्टर बदलण्यासाठी मालकपुस्तिकेत खडतर वापराकरिता दिलेले कमी अंतर पाळावे. बसवताना जुनी रिंग इंजिनाला चिकटून राहिलेली नाही ना, हे बोट फिरवून पाहावे, कारण दोन रिंगा एकावर एक बसल्या तर सगळे ऑइल रस्त्यातच गळून जाऊ शकते.