बेदाण्याची चाळणी आणि पोटॅशियमचा बोळ

आमच्या सांगलीतल्या गल्लीच्या ग्रुपवर आठवडाभर एक फॉरवर्ड फिरतोय: ‘पेशीचं आवरण म्हणजे चाळणी. पोटॅशियम लहान म्हणून आरपार जातं, सोडियम मोठं म्हणून अडकतं. हे कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण रोज चार केळी खा, भोकं मोकळी राहतील, बीपीची गोळी बंद!’ खाली अंगठ्यांची रांग. त्यात एक माझ्या सख्ख्या काकांचा.

चाळणीचं आधी. तासगावला बेदाण्याची प्रतवारी बघितलेल्याला काय सांगायचं? बारीक मणी खाली पडतो, टपोरा वर राहतो. इथे नेमकं उलटं आहे. सोडियमच्या आयनाची, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूची, त्रिज्या सुमारे ०.९५ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), पोटॅशियमची १.३३. अडतो तो बारीक, जातो तो टपोरा!

मुळात आवरणाला भोकंच नसतात. ते स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचं. तेलात मीठ विरघळत नाही, तसा आयन त्यातून जात नाही. त्यात प्रथिनं रुतलेली असतात. त्यांपैकी पोटॅशियमला वाट देणाऱ्या प्रथिनाचे चार भाग एकमेकांना टेकून मध्ये एक बोळ ठेवतात. बोळाच्या मध्यावर पाण्याने भरलेली पोकळी, बाहेरच्या तोंडाशी जेमतेम १२ अँगस्ट्रॉम लांबीची चिंचोळी जागा. खरी गंमत तिथे. आयनाला पाण्याचे रेणू बिलगलेले असतात, ते सोडल्याशिवाय तिथे शिरता येत नाही. भिंतीतले ऑक्सिजनचे अणू अशा बेताने बसलेत की पोटॅशियमला पाण्याची उणीव भासत नाही. लहानग्या सोडियमला मात्र ते चहूबाजूंनी भिडत नाहीत. पाणी सोडणं त्याला परवडत नाही, म्हणून तो बाहेरच. एवढी पारख करूनही सेकंदाला कोटीच्या घरात पोटॅशियम आयन पार होतात.

कुणी पाहिलेलं नाही? रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये मातीतल्या एका जिवाणूच्या अशा प्रथिनाचे स्फटिक करून क्ष-किरणांनी त्याची रचना दाखवली. २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना आणि पीटर अ‍ॅग्री यांना मिळालं.

राहिली केळी. पोटॅशियम असलेला आहार रक्तदाबाला बरा, हे खरं. पण या बोळांची दारं विजेच्या दाबासारख्या इशाऱ्यांवर उघडतात-मिटतात, केळ्याने ‘मोकळी’ होत नाहीत. आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर रक्तात पोटॅशियम साठतं, हृदयाचा ठेका बिघडतो. गोळी बंद करायची की नाही हे डॉक्टर ठरवतील, ग्रुप नाही.

काकांचं क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंड कमजोर. डॉक्टरांनी नारळपाणीसुद्धा बंद केलंय. तरी परवा त्यांच्याकडे अख्खा घड! मी तो शेजारच्या पोरांना वाटून टाकला. काका दोन दिवस बोलले नाहीत. अंगठा अजून काढलेला नाही.